चिपळूणच्या खाडीतील बोटसफर कोणत्या दिवशी आणि किती वाजता ठरवावी?

आपण विचारले आहे की, डिसेंबरात वृद्ध आई-वडील आणि आठ वर्षांचा मुलगा यांच्यासह चिपळूणला दोन दिवस राहणार असून वाशिष्ठीच्या खाडीत दोन-तीन तासांची सफर सकाळी करावी की संध्याकाळी. तारखा अजून आपल्या हातात आहेत, असेही आपण लिहिले आहे. तसे असेल, तर हॉटेलचे आरक्षण करण्याआधी दिनदर्शिका उघडून तिथी पाहावी. खाडीतली सकाळ-संध्याकाळ घड्याळावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर ठरते, हे मी स्वतः एकदा चिखलात अडकून शिकलो आहे.

कोकणात पूर्वापार वापरला जाणारा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला किनाऱ्यावरची माणसे सुकती म्हणतात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धरावा. शिवाय हा हिशोब समुद्रकिनाऱ्याचा आहे. दाभोळच्या मुखातून शिरलेले पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत उशिरा पोहोचते, आणि कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणीही याच वाशिष्ठीत येत असल्यामुळे वरच्या भागातील पातळी केवळ चंद्रावर अवलंबून राहत नाही. म्हणून हिशोबाने दिवस निवडावा; नेमकी वेळ मात्र आदल्या संध्याकाळी बोटीच्या तांडेलालाच विचारावी.

गोवळकोटहून सफरीला जाणारे बहुतेक लोक मगरी पाहायला जातात, आणि मगर पाहायची तर सुकतीच हवी. थंडीच्या दिवसांत उन्हे वर आल्यावर मगरी अंग शेकण्यासाठी उघड्या पडलेल्या चिखलाच्या काठांवर येऊन पडतात. भरतीत तेच काठ पाण्याखाली असतात आणि आपल्याला फक्त कांदळवन दिसते. (तेही सुंदर असते, पण आठ वर्षांच्या मुलाला ते पटवणे कठीण.) तेव्हा सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सुकती येईल असा दिवस हवा. चतुर्थी किंवा पंचमीला पहाटे तीन ते पावणेचारच्या सुमारास भरती होऊन गेलेली असते आणि सकाळी उन्हाच्या वेळी पाणी तळाला असते, म्हणून माझी पसंती या दोन तिथींना आहे. याउलट एकादशीला सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती असल्याने ऐन सकाळ पाण्याखाली जाते आणि काठ उघडे पडेपर्यंत दुपार होते.

माझी चूक अशी झाली होती की, मी सुकतीच्या दोन तास आधी, म्हणजे पाणी उतरत असताना, एका अरुंद फाट्यात होडी वळवायला लावली. तांडेल नको म्हणत होता. आग्रह माझा होता. होडीचा तळ चिखलाला टेकला, आणि उतरत्या पाण्यात टेकलेली होडी पुढची भरती चढेपर्यंत हलत नाही. आम्ही तीन तासांहून अधिक वेळ उन्हात बसून होतो. हीच होडी चढत्या पाण्यात टेकली असती, तर थोड्याच वेळात आपोआप तरंगली असती. म्हणून सुकतीच्या जरासे आधी निघावे, काठाकाठाने हळू जावे, आणि उथळ फाट्यांत शिरण्याची हौस पाणी चढू लागल्यावरच भागवावी.

या वेळापत्रकात एक अडचण आपल्या आई-वडिलांची आहे. सुकतीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ आणि चिखल असतो, आणि होडी बरीच खाली असते. चामडी चपला घालू नयेत; चढताना एक माणूस होडीत आणि एक पायरीवर उभा ठेवावा. परतताना पाणी चढलेले असल्याने उतरणे सोपे जाते. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे, कारण मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या गळ्यातून निसटते. होडीबाहेर हात सोडू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून ४५ किलोमीटरचा मार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ झाला आहे. पण म्हणून चिपळूण ते दाभोळ पूर्ण प्रवास होडीने करण्याचा मोह धरू नये. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, आणि त्याच वेळी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असेल तर वारा व प्रवाह समोरासमोर येऊन मुखाजवळ उंच, आखूड लाटा उठतात. दुसऱ्या दिवशी गाडीने दाभोळला जाऊन दाभोळ-धोपावे फेरीबोटीने, हवे तर गाडीसह, खाडी ओलांडावी. वडीलधाऱ्यांना तेवढे पाणी पुरते, आणि त्या बोटीवर गाडीतून खाली उतरून कठड्याशी उभे राहता येते.