जोड बघितलीस का?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

यजमानाच्या, म्हणजे जंतू ज्याच्या अंगात राहतो त्या प्राण्याच्या, जीनोममध्ये (संपूर्ण डीएनएमध्ये) रोगजंतूचं जनुक सापडलं म्हणून दोन रात्री झोपली नाहीस, असं लिहिलंयस. आधी झोप. जनुक खरं असेल तर ते पळून जात नाही, आणि खोटं असेल तर झोप झालेल्या डोळ्यांना लवकर दिसेल.

याच जागी भलेभले घसरले आहेत. 2001 साली मानवी जीनोमचा मसुदा आला तेव्हा शेकडो मानवी जनुकं जीवाणूंकडून थेट आली असावीत, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी स्टीव्हन साल्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी तुलनेला आणखी सजीवांचे जीनोम घेतले आणि संशयितांची यादी चाळिशीच्या घरात आली. बरीचशी जनुकं पूर्वजांकडे होतीच. माशी आणि कृमी यांच्या वंशात ती गळून गेली होती, एवढंच. 2015 मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म जलचर प्राण्याबद्दल तर जीनोमचा सहावा हिस्सा परका असल्याचा दावा झाला. दुसऱ्या गटाने त्याच जातीचा जीनोम वाचला, तेव्हा त्यातला बहुतेक भाग नमुन्याबरोबर आलेल्या जीवाणूंचा निघाला.

म्हणून माझा पहिला प्रश्न एकच: जोड बघितलीस का? एकाच लांब रीडमध्ये, म्हणजे सलग वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यात, अर्धा भाग यजमानाचा आणि अर्धा जीवाणूचा, असं दिसतंय का? त्या सीमेवर प्रायमर (सुरुवात करून देणारे छोटे डीएनए तुकडे) बसवून पीसीआर कर, म्हणजे तेवढ्याच भागाच्या भरपूर प्रती काढ. दुसऱ्या प्राण्याचा, दुसऱ्या दिवशी काढलेला डीएनए घे. कव्हरेज, म्हणजे तो भाग किती वेळा वाचला गेला ते, शेजारच्या जनुकांइतकंच आहे का, तेही पाहा. मीही एकदा नमुन्याच्या डब्यातल्या जंतूंच्या जनुकावर चार महिने घालवले आहेत. मार्गदर्शकांनी जोड विचारली आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण संशयाचाही अतिरेक नको. असेंब्ली करताना, म्हणजे वाचलेले तुकडे जुळवून जीनोम उभा करताना, जीवाणूसारखं दिसलं की घाण समजून फेकून देण्याची सवय सगळ्यांना असते. ड्रोसोफिला अनानासी या माशीत वोल्बाकिया या कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या जीवाणूचा जवळजवळ अख्खा जीनोम माशीच्याच गुणसूत्रात बसलेला आहे, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं. त्यासाठी प्रतिजैविक देऊन माश्या जंतुमुक्त केल्या, तरी वोल्बाकियाची जनुकं माशीतच राहिली. हा प्रयोग मला फार आवडतो. वोल्बाकिया अंड्यातही राहतो, हेही ध्यानात घे. प्राण्यात परकं जनुक पुढच्या पिढीत जायचं तर ते बीजपेशीत (अंडं किंवा शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत) शिरायला हवं. त्वचेत किंवा आतड्यात शिरलेलं त्या जिवाबरोबर संपतं.

वनस्पतींना एवढी बंदिस्त बीजपेशी नसते, आणि अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जीवाणूचा तर परक्या पेशीत जनुकं घालणं हा धंदाच आहे. तो आपल्या प्लाझ्मिडमधला (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यातला) टी-डीएनए नावाचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. झाडाला गाठ येते आणि त्या गाठीत जंतूला खाता येईल असा ओपाइन नावाचा पदार्थ तयार होतो. म्हणजे घर दुसऱ्याचं, स्वयंपाकघर आपलं! 1977 मध्ये मेरी-डेल चिल्टन यांच्या गटाने तो तुकडा गाठीच्या पेशींत शोधून काढला. पुढे 2015 मध्ये लागवडीच्या 291 रताळ्यांची तपासणी झाली आणि सगळ्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा तुकडा मिळाला. खाणाऱ्यांना हजारो वर्षं पत्ता नव्हता.

आणि दिशा गृहीत धरू नकोस. परम्याच्या जंतूच्या काही प्रकारांत माणसाच्या एल-वन या जीनोममध्ये जागोजागी आढळणाऱ्या डीएनए घटकाचा 685 अक्षरांचा तुकडा सापडला, 2011 मध्ये. तपासलेल्यांपैकी साधारण 11 टक्क्यांत तो होता. मेंदूज्वर देणाऱ्या त्याच्या सख्ख्या नातलगात मात्र नाही. इथे जंतूने आपलं घेतलं. लेजिओनेला या न्यूमोनिया देणाऱ्या जीवाणूमध्येही केंद्रक असलेल्या सजीवांसारखी प्रथिनं खूप आहेत. पण त्याचा जुना यजमान अमीबा, माणूस वाटेत भेटला. तुझ्या वंशवृक्षाच्या आलेखात फक्त जीवाणू आणि तुझा प्राणी असेल तर दिशा ठरणारच नाही. आणखी नातलग घाल.

पीसीआर झाला की जेलचा फोटो पाठव. पाण्याची लेन, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नमुन्याची रांग, कापू नकोस. मी आधी तीच बघणार आहे.

तुझा,
सर