नवा अल्बम, मग आवाज तरुण कसा?

प्रश्न : रॉक गायक-गीतकार नील यंग यांचे नवे अल्बम मी नेमाने ऐकतो, पण गोंधळून जातो. २०२०चा ‘होमग्रोन’ लावला तर आवाज ऐन तारुण्यातला. २०२२चा ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ लावला तर कापरा, म्हातारा. त्यात एक समीक्षक ज्याला डोक्यावर घेतो, त्यालाच दुसरा निकालात काढतो. विश्वास ठेवायचा कुणावर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या कानांवरच ठेवा, कारण ते बरोबर सांगताहेत. ‘होमग्रोन’ बाजारात आला जून २०२०मध्ये, पण गाणी १९७४-७५ची. अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेस यांच्याशी असलेलं नातं तुटत होतं तेव्हाची. मित्रमंडळींना हा आणि ‘टुनाइट्स द नाइट’ लागोपाठ ऐकवल्यावर यंग यांनी ‘टुनाइट्स द नाइट’ बाहेर काढला आणि हा बासनात गेला, तो थेट ४५ वर्षं. त्यातलं पहिलंच गाणं, ‘सेपरेट वेज’, पुन्हा लावून बघा. लेव्हॉन हेल्म यांचा ड्रम जराही घाई करत नाही, आणि मागून बेन कीथ यांची स्टील गिटार हलकेच येते. भाजी निवडता निवडता मला हे गाणं ऐकवत नाही, हातातलं बाजूला ठेवावंच लागतं.

‘हिचहायकर’चीही तीच गत. गायला ११ ऑगस्ट १९७६ला, मालिबूत, एका रात्रीत, आणि आला २०१७मध्ये. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक अल्बमपुढे मी दोन सालं लिहिते, गायला कधी आणि आला कधी. यंग यांच्या आर्काइव्हज या संकेतस्थळावर सगळं काम कालक्रमाने लावलेलं आहे, तिथे पहिलं साल सापडतं. दोन्ही सालं शेजारी आली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

‘वर्ल्ड रेकॉर्ड’ मात्र खरोखरच सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आहे. त्यात गिटार कमी, पायपेटी जास्त. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनच्याच घराण्यातली ती, भात्याच्या श्वासासकट. तिच्याबरोबर तो कापरा आवाज मला शोभून दिसतो. गिटारच्या आशेने ऐकणाऱ्याची निराशा होणार, हेही खरं.

आता समीक्षकांबद्दल. ‘हार्वेस्ट’ १९७२मध्ये आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ या संगीत नियतकालिकाने त्याला झोडपलं होतं, आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच. १९८२च्या ‘ट्रान्स’चं प्रकरण तर मला अजून चटका लावतं. व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या उपकरणातून काढलेला यंत्रासारखा आवाज ऐकून लोक चक्रावले. पुढे १९८३मध्ये, ‘तुमच्या नेहमीच्या शैलीतलं संगीत तुम्ही देत नाही’ म्हणून गेफेन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने यंग यांच्यावर दावाच लावला. खूप नंतर यंग यांनी उलगडून सांगितलं की बेन या आपल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, त्याला बोलता येत नाही, आणि त्याच्याशी संवाद साधण्याची धडपड त्या गाण्यांत आहे. हे समजल्यावर मी त्यातलं ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ ऐकलं आणि ते शब्द नीट ऐकू न येणंच गाण्याचा गाभा आहे, हे पहिल्यांदा कळलं. पहिल्या आठवड्यात लिहिणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार?

तेव्हा ताजी समीक्षा वाचा ती माहितीसाठी: साथीला कोण, ध्वनिमुद्रण कुठलं, निर्माता कोण. चांगलं-वाईट मी वर्षभराने ठरवते. अर्थात वेळ दिला की सगळंच सोनं होतं असं नाही. यंग यांचाच ‘एव्हरीबडीज रॉकिन’ हा अल्बम मला आजही पोकळ वाटतो.

यापुढे ‘बिफोर अँड आफ्टर’ (२०२३) घ्या. स्वतःचीच जुनी गाणी यंग एकट्याने पुन्हा गायले आहेत, दोन गाण्यांत खंड न ठेवता. त्यातलं ‘मिस्टर सोल’ मूळचं बफेलो स्प्रिंगफील्ड या त्यांच्या जुन्या बँडच्या काळातलं, १९६७चं. आधी ते जुनं ऐका, मग लगेच हे. मला नवं जास्त जवळचं वाटलं. तुम्हाला काय वाटलं ते जरूर कळवा.