मार्टिन बॉल्सम: कामावर असलेला माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये टेबलाच्या टोकाशी बसलेला ज्यूरीचा (खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा नागरिकांच्या मंडळाचा) प्रमुख आणि ‘सायको’मधला खासगी गुप्तहेर हे दोघे एकच नट आहेत, हे विचारणाऱ्यांच्या फार उशिरा लक्षात आले. इतका चांगला नट नायक का झाला नाही, त्याने आणखी काय काय केले आणि ते कोणत्या क्रमाने पाहावे?

माझे मत आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे त्या अंगाने वाचता येईल. मार्टिन बॉल्समने आयुष्यभर नोकरीधंद्यात मुरलेली माणसे उभी केली. त्याचे पात्र पडद्यावर आले की ते सकाळपासून कामावर आहे, पाय दुखत आहेत, अजून दोन ठिकाणी जायचे आहे, हे कोणी न सांगता कळते. प्रेक्षकाला आधी त्याचे काम पटते आणि माणूस त्यामागून पटतो. दोन वेगळ्या कामांवरची दोन माणसे आपल्याला एकच वाटत नाहीत, म्हणूनच हा नट ओळखू येत नाही. त्याच्या कलेचे मर्म मला इथे दिसते आणि नायक न होण्याचे कारणही इथेच आहे.

बॉल्समचा जन्म ४ नोव्हेंबर १९१९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्याच्या हवाई दलात होता. युद्धानंतर अ‍ॅक्टर्स स्टुडिओत त्याने अभिनयाची तालीम घेतली, परंतु त्याला खऱ्या अर्थाने घडवले ते पन्नाशीच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीने. त्या काळी नाटके थेट प्रक्षेपित होत. थोड्या दिवसांची तालीम, लहानसा सेट, चेहऱ्याजवळ आलेला कॅमेरा, आणि चुकले तर पुन्हा घेण्याची सोय नाही. रंगभूमीवरचा मोठा आवाज तिथे चालत नसे आणि चित्रपटातला निवांतपणाही मिळत नसे. त्या शाळेतून आलेल्या नटांना समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकण्याची सवय लागलेली असे, कारण समोरचा वाक्य विसरला तर प्रसंग सावरायची जबाबदारी आपलीच. १९५४ सालच्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये त्याला छोटी भूमिका मिळाली, तीही श्रेयनामावलीत नाव नसलेली.

१९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा मुळात रेजिनाल्ड रोझने दूरचित्रवाणीसाठी लिहिलेला आणि १९५४ मध्ये थेट प्रक्षेपित झालेला खेळ होता; दिग्दर्शक सिडनी ल्युमेट हाही दूरचित्रवाणीतूनच आलेला. आपल्याकडे अनेकांना ही कथा बासू चॅटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळे ठाऊक आहे. मूळ चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा थोडा वेळ नायक हेन्री फोंडाकडे दुर्लक्ष करून केवळ बॉल्समकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. हा प्रमुख स्वभावाने पुढारी नाही. सगळ्यांना ओळीने बसवावे, हात वर करून मते घ्यावीत, चिठ्ठ्या उलगडून मोठ्याने वाचाव्यात, एवढेच त्याला जमते आणि तेवढे तो प्रामाणिकपणे करतो. त्याच्या काम चालवण्याच्या पद्धतीवर एक सदस्य खेकसतो, तेव्हा तो दुखावून उठतो आणि ही खुर्ची घ्या, तुम्हीच चालवा, असे सांगतो. कोणीही खुर्ची घेत नाही. बॉल्सम तो राग अर्ध्यावरच गिळतो. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत चिटणीस म्हणून बसलेल्या कितीतरी सज्जन माणसांचा चेहरा मला त्या क्षणी आठवतो.

पुढे पाऊस कोसळू लागतो आणि तो खिडकीपाशी फोंडाला एका सामन्याची हकिकत सांगतो. तो क्वीन्समधल्या एका शाळेच्या फुटबॉल संघाचा साहाय्यक प्रशिक्षक आहे. संघ एका गुणाने मागे होता, पण बैलासारख्या ताकदीच्या एका पोराच्या जोरावर मुसंडी मारत होता, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला आणि सगळे चिखलात रुतले. अगदी रडू येणार होते, असे तो म्हणतो. खटल्याशी या हकिकतीचा काडीचा संबंध नाही. तरीही त्या मिनिटभरात एका माणसाचे सगळे जगणे, त्याचा छोटा अभिमान आणि छोटे दुःख आपल्या हाती येते. पुढे त्याचे मत बदलते तेव्हा त्याला एकही भाषण दिलेले नाही. तो फक्त हात वर करतो, आणि ते आपल्याला पटते, कारण हा माणूस इतका वेळ ऐकत होता हे आपण पाहिलेले असते.

आल्फ्रेड हिचकॉकने दिग्दर्शित केलेला ‘सायको’ १९६० सालचा. गुप्तहेर अर्बोगास्ट चित्रपटात बराच उशिरा येतो आणि लवकर जातो. चोरीला गेलेले चाळीस हजार डॉलर शोधायला निघालेला हा माणूस मोटेलामागून मोटेल पालथी घालून थकलेला आहे. एका मोटेलाचा मालक नॉर्मन (अँथनी पर्किन्स) याला तो प्रश्न विचारतो तो प्रसंग या चित्रपटातला अभिनयाचा सर्वांत उत्तम भाग आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. पर्किन्स गोळ्या चघळत आहे, अडखळत आहे, वाक्ये एकमेकांवर चढत आहेत. बॉल्सम मात्र आवाज चढवत नाही. तो हसतो, अघळपघळ बोलतो, मोटेलाच्या नोंदवहीतले हस्ताक्षर ताडून पाहतो आणि नॉर्मनने एक उत्तर दिले की त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न काढतो. त्याने हे काम यापूर्वी शेकडो वेळा केले असावे, असे वाटते. पर्किन्सचे घाबरणे आपल्याला खरे वाटते त्याचे निम्मे श्रेय मी या शांतपणाला देतो.

त्यानंतरचा जिना. घरात पाऊल टाकताच अर्बोगास्ट डोक्यावरची टोपी काढतो. घरात कोणी बोलावलेले नाही, तो चोरपावलांनीच शिरला आहे, तरी कोणाच्या घरात शिरताना टोपी काढायची ही सवय सुटत नाही. टोपी हातात घेऊन तो एकेक पायरी चढतो. हिचकॉक आजारी असताना त्याच्या साहाय्यकाने या चढण्याची काही दृश्ये घेतली होती, त्यात कठड्यावरचा हात आणि पायऱ्यांवरची पावले जवळून दाखवली होती. हिचकॉकने ती बाजूला काढली, कारण त्यांमुळे वर जाणारा माणूसच घातकी वाटू लागला होता. हिचकॉकला तो निष्पाप हवा होता. जिन्यावरून मागे कोसळण्याचे दृश्यही मोठ्या कारागिरीचे आहे: जिन्याचे चित्रीकरण आधी वेगळे केले आणि मग पडद्यावर ते दाखवून त्याच्यापुढे खुर्चीत बसलेल्या बॉल्समला हात झोडपायला लावले. म्हणजे पडणारे शरीर तिथे नाहीच. आपल्याला भीती वाटते ती चेहऱ्यामुळे.

आता एक तुलना सांगतो, कारण माझे म्हणणे तीत सर्वांत स्पष्ट दिसते. १९५९ ते १९६५ या काळात बॉल्समने कलावंतांचा दलाल, म्हणजे एजंट, तीनदा केला. ‘द ट्वायलाइट झोन’च्या एका भागात आयडा लुपिनो ही आपल्या जुन्या चित्रपटांत हरवलेली नटी आहे, आणि तिला आजच्या जगात ओढून आणू पाहणारा तिचा एजंट प्रेमळ आणि हताश आहे. ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मधला ओ. जे. बर्मन वाचाळ, घाईत असलेला, पार्टीत कोणालाही पकडून बोलणारा आहे. आणि ‘अ थाउजंड क्लाउन्स’मधला आर्नल्ड बर्न्स हा तिसरा. व्यवसाय एकच, पण या तिघांना एका खोलीत बसवले तर ते एकमेकांना भाऊबंद म्हणणार नाहीत.

आर्नल्डसाठी त्याला १९६५ सालच्या चित्रपटांमधला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला. हर्ब गार्डनरच्या नाटकावरच्या या चित्रपटात जेसन रोबार्ड्स हा नोकरी सोडून बसलेला लेखक आहे. भाच्याला सरकारी खाते आपल्यापासून घेऊन जाऊ नये म्हणून त्याला कामावर परतणे भाग आहे, आणि त्याचा भाऊ व एजंट आर्नल्ड त्याच्यासाठी खटपट करतो. रोबार्ड्सचे पात्र मनस्वी, विनोदी, स्वतंत्र आहे. कथेची सहानुभूती त्याच्याकडेच झुकते. अशा वेळी आर्नल्ड एका दीर्घ भाषणात आपली बाजू मांडतो. मी असामान्य माणूस नाही, जग जसे आहे तसे मी चालवून घेतो, शरण जाण्याची देणगी मला मिळाली आहे आणि जमेल तितका उत्तम आर्नल्ड बर्न्स मी आहे, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या एखाद्या नटाने यात स्वतःची कीव आणली असती किंवा उपरोध. बॉल्सम ते अभिमानाने बोलतो, आणि त्या अभिमानाखालची जखमही लपवत नाही. चित्रपट संपल्यावर आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ते केवळ या एका भाषणामुळे.

नायक का झाला नाही? टक्कल, बसका बांधा आणि शेजारच्या दुकानात भेटेल असा चेहरा, ही वरवरची कारणे आहेत. त्या काळातल्या चित्रपटाचा नायक गर्दीतून वेगळा दिसावा लागे, आणि बॉल्समचे सगळे कसब गर्दीतला एक माणूस आपल्यापुढे जिवंत करण्यात होते. याचा एक विलक्षण पुरावा आहे. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधल्या हॅल या संगणकासाठी बॉल्समचा आवाज ध्वनिमुद्रित केला होता, पण तो आवाज फार अमेरिकी, फार बोलीतला वाटला, म्हणून कॅनडाच्या डग्लस रेनला घेतले गेले. यंत्राचा आवाज म्हणून त्याचा आवाज चालला नाही, कारण त्यात माणूस फार होता. मुख्य भूमिकाच मिळाल्या नाहीत, असे मात्र समजू नये. रॉबर्ट अँडरसनच्या चार एकांकिकांच्या ब्रॉडवेवरील प्रयोगासाठी १९६८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, आणि दामियानो दामियानीच्या १९७१ सालच्या इटालियन चित्रपटात, फ्रँको नीरोच्या समोर, त्याने पोलीस अधिकाऱ्याची प्रमुख भूमिका केली.

सत्तरच्या दशकातले काम एवढे आहे की निवडच करावी लागते. ‘टोरा! टोरा! टोरा!’मध्ये तो जपानच्या अचानक हल्ल्यात सापडलेल्या पर्ल हार्बरच्या अमेरिकी आरमाराचा अ‍ॅडमिरल किमेल आहे. काच फोडून आलेली निष्प्राण गोळी छातीवर आदळते, तेव्हा हिने मला मारले असते तर बरे झाले असते, असे तो म्हणतो, तो क्षण चुकवू नये. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये तो रेल्वे कंपनीचा संचालक आहे आणि प्रत्येक साक्षीनंतर खुनी सापडला म्हणून आनंदतो. ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’मध्ये तो वृत्तपत्राचा व्यवस्थापकीय संपादक आहे आणि समोर पुन्हा रोबार्ड्स. ‘द अँडरसन टेप्स’मधली त्याची भूमिका मात्र समलिंगी माणसाचे ठोकळेबाज चित्र आहे, ती मला आवडत नाही. शेवटी त्याने दूरचित्रवाणीवर ‘आर्ची बंकर्स प्लेस’ केले, आणि १९९१ च्या ‘केप फिअर’मध्ये न्यायाधीश झाला, १९६२ च्या मूळ चित्रपटात तो पोलीसप्रमुख होता. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले.

पाहण्याचा क्रम विचारला आहे. आधी ‘अ थाउजंड क्लाउन्स’, मग ‘सायको’ पुन्हा एकदा, आणि त्यानंतर १९७४ चा ‘द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री’. या शेवटच्या चित्रपटात न्यूयॉर्कची भुयारी गाडी पळवणाऱ्या चौघांपैकी बॉल्सम हा नोकरीवरून काढलेला मोटरमन आहे. गाडी कशी चालवायची हे टोळीत त्यालाच ठाऊक आहे, आणि त्याला सर्दी झाली आहे. लुटीच्या सगळ्या धामधुमीत तो मधूनमधून शिंकत राहतो. त्या शिंकांकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा, आणि पोलीस अधिकारी झालेला वॉल्टर मॅथाऊ त्याच्या खोलीचे दार लावून निघतो तेव्हा टीव्हीचा आवाज थोडा वाढवा.