निकाल पटला नाही, की वागणूक खटकली?

प्रश्न : आमच्या दिवाणी दाव्यात युक्तिवाद संपून आठ महिने झाले, निकाल नाही. न्यायाधीश समोरच्या पक्षकाराच्या ओळखीचे आहेत, असेही कानावर येते. तक्रार कुठे करायची? की स्वातंत्र्याच्या नावाखाली न्यायाधीशांना कुणीच जाब विचारू शकत नाही?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या करा.

विलंबाचे आधी पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 1 प्रमाणे सुनावणी संपल्यावर 30 दिवसांत, अपवादात्मक स्थितीत 60 दिवसांत निकाल द्यावा, अशी अपेक्षा आहे. रोजनाम्याची, म्हणजे दाव्यातल्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढा. युक्तिवाद कोणत्या तारखेला संपला ते त्यावरून दिसते. ती जोडून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज द्या.

ओळखीचे मात्र जपून. 'कानावर येते' एवढ्यावर काही होत नाही. पुरावा असेल तर याच संहितेच्या कलम 24 खाली दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्याची मागणी करता येते. गैरवर्तनाची तक्रार उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांकडे (रजिस्ट्रार) पाठवा, सोबत शपथपत्र आणि पडताळता येईल असा कागद हवा. निनावी अर्ज बहुधा तिथेच थांबतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशावर दबाव आणेल. निव्वळ चुकीचा आदेश दिला म्हणून शिस्तभंगाची कारवाई नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. निकाल चुकला तर अपील करायचे.

जाब विचारला जातो का? कनिष्ठ न्यायाधीशांना, हो. घटनेच्या कलम 235 नुसार त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. विभागीय चौकशी, निलंबन, सक्तीची निवृत्ती हे सगळे होते. खरी पोकळी वरच्या पायरीवर आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी कायद्यात पदच्युती ही एकच शिक्षा आहे, मधली कोणतीच नाही. त्या पदच्युतीसाठी लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 सदस्यांच्या सह्या, त्रिसदस्यीय चौकशी, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. 1999 पासूनची न्यायालयाची अंतर्गत चौकशी आहे, पण तिच्यातून राजीनाम्याचा सल्ला, काम काढून घेणे यापलीकडे फारसे हाती लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना चौकशी समितीने दोषी ठरवले होते. 1993 मध्ये लोकसभेत पदच्युतीच्या ठरावाच्या बाजूने 196 मते पडली, विरोधात एकही नाही. तरी तो फेटाळला गेला, कारण सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य मतदानापासून अलिप्त राहिले.