आधी टाके, मग कात्री

प्रश्न : आईच्या जुन्या सुती साड्यांचे तीन थर करून, त्यांवर गोधडीसारखा धावदोरा घालून साधे जाकीट शिवायला घेतले. मापाने कापलेली पाठ आणि पुढचे दोन्ही भाग टाके घालून झाल्यावर अरुंद व आखूड झाले. चूक कोठे झाली? अस्तर न लावता आतली बाजू नीटनेटकी कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले माप चुकलेले नाही, कामाचा क्रम चुकला आहे. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका कापड किंचित ओढून घेतो आणि त्यामुळे टाक्यांच्या मध्ये जे बारीक फुगवटे उठतात, त्यांतूनच गोधडीचा तो मऊ, खडबडीत पोत तयार होतो. म्हणून हे आकसणे टाळू नये. कापण्यापूर्वीच होऊ द्यावे. प्रत्येक भागासाठी चारही बाजूंनी किमान २ इंच जास्तीचा चौकोनी तुकडा घ्यावा, तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरून ठेवावेत, अर्ध्या इंचाच्या अंतराने मधून कडेकडे ओळी घालाव्यात आणि तुकडा धुऊन वाळल्यावरच त्यावर आकार आखावा. आखल्यावर लगेच कात्री चालवू नये. कापायच्या रेषेच्या किंचित आतून, शिलाईच्या मायेत (शिवणीबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडात) येईल अशी, मशीनची एक टीप आधी मारावी. नाहीतर कापलेल्या कडेपाशी सगळे धावदोरे उसवू लागतात.

साडी उजेडासमोर धरून पाहावी. विरलेला भाग मधल्या थरात घालावा, तो टाकून देण्याची गरज नाही.

अस्तर नसल्यामुळे खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणी आतून उघड्या राहतात. मायेतील मधला थर शिवणीलगत कापून जाडी कमी करावी आणि उरलेल्या कडा दीड इंच रुंदीच्या उरेब (कापडावर तिरकी कापलेल्या) पट्टीत गुंडाळून हाताने तुरपाई करावी. गळ्याला व पुढच्या उघड्या कडांनाही हीच पट्टी लावावी. मशीनला १६ नंबरची सुई घालून टीप थोडी लांब ठेवावी.

आपण कापलेले भाग वाया गेले, असे मला मुळीच वाटत नाही. दोन्ही बगलांखाली, मुंढ्यापासून (बाही जोडतो त्या गोलाईपासून) घेरापर्यंत, आईच्या साडीचा काठ पट्टी म्हणून जोडावा; उंची कमी पडत असेल तर तोच काठ खाली घेरालाही लावावा. बाही मात्र नव्या मुंढ्याची गोलाई मोजल्यावरच कापावी.