वाचकांचे प्रश्न : मेनिन गेट आणि मराठा पलटणीतील शिपाई

प्रश्न : बेल्जियममधील ईप्र शहराच्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांची नावे कोरली आहेत, असे वाचनात आले. माझे पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेवर गेले आणि परतलेच नाहीत. त्यांचे नाव तेथे असेल का?

उत्तर : आपल्या पणजोबांचे नाव तेथे सापडणार नाही. २४ जुलै १९२७ रोजी खुल्या झालेल्या या कमानीवर चोपन्न हजारांहून अधिक नावे आहेत; परंतु ती ईप्रच्या परिसरात पडलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही, अशाच सैनिकांची आहेत. हा नियम इतका काटेकोर पाळला जातो, की आजही शेतात सापडलेल्या अवशेषांची ओळख पटली, तर त्या सैनिकाला स्वतंत्र कबर मिळते आणि भिंतीवरील त्याचे नाव यथावकाश काढून टाकले जाते.

कमानीवरील भारतीय नावांमागे ऑक्टोबर १९१४ मध्ये या आघाडीवर दाखल झालेल्या फौजेचा इतिहास आहे. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी येथे विषारी वायू सोडला, त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, म्हणजे २६ एप्रिलला, या फौजेतील लाहोर डिव्हिजनला उघड्या उतारावरून चढाई करावी लागली. आपल्या पणजोबांची पलटण मात्र या आघाडीवर नव्हती. ती मेसोपोटेमियात लढली आणि तेथील कूट या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडली. तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला.

मेनिन गेटखाली रोज रात्री आठ वाजता स्थानिक अग्निशमन दलाशी जोडलेले बिगूलवादक ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. १९२८ साली सुरू झालेली ही प्रथा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या काळात तेथे बंद पडली होती. ६ सप्टेंबर १९४४ रोजी, दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश फौजांनी शहर सोडवले, त्याच संध्याकाळी ती पुन्हा सुरू झाली.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांचे स्मारक इराकमध्ये बसऱ्याला आहे. तेथेही दगडावर नाव शोधून निराशाच पदरी पडेल, कारण त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण भारतीय शिपायांचा उल्लेख पलटणीखाली केवळ संख्येने झाला. ब्रिटिश शिपायाचे नाव कोरायचे आणि त्याच लढाईत पडलेल्या मराठा शिपायाचा आकडा लिहायचा, हा भेदभाव जागेच्या अडचणीतून झाला असे मानणे कठीण आहे. एप्रिल २०२१ मध्ये, ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशा असमान वागणुकीबद्दल माफी मागितली.

शिपायांची नावे स्वतंत्र नोंदवहीत उतरवलेली आहेत आणि आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. शोधताना आडनावावर विसंबू नये, कारण त्या नोंदींत बहुधा फक्त पहिले नाव असते आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंगही लेखनिकाने कानाला जसे वाटले तसे केलेले असते. घरात जुने पदक असेल, तर त्याच्या कडेवर कोरलेला शिपाई क्रमांक व पलटणीचे नाव आधी उतरवून घ्यावे आणि नोंदीशी ताडून पाहावे.