कर्निंग की ट्रॅकिंग?

प्रश्न : मुलीच्या लग्नपत्रिकेवर नावं भरघोस दिसावीत म्हणून डीटीपीवाल्याला ‘कर्निंग वाढवा’ म्हणालो, तर अक्षरांवरची रेघच तुटली. असं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्हाला म्हणायचं होतं ते ट्रॅकिंग. निवडलेल्या सगळ्या मजकुरात अक्षरांमधलं अंतर सरसकट वाढवणं किंवा घटवणं म्हणजे ट्रॅकिंग. कर्निंग दोनच शेजाऱ्यांपुरतं. इंग्रजी कॅपिटल ए आणि व्ही लागून आले की तिरप्या बाजूंमुळे मध्ये खिंडार दिसतं, ते बुजवायचं. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरठशांच्या, छपाईत अक्षराचा खिळ्याबाहेर आलेला भाग म्हणजे कर्न.

रेघ मात्र दोन्हींनी तुटते. फाँटमध्ये शिरोरेघ प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यानं येते. चांगले टाइप डिझायनर या तुकड्यांची टोकं किंचित एकमेकांवर चढवतात. अंतर त्याहून वाढलं की सांधा उघडलाच. रोमन लिपीसाठी केलेली ही अंतर वाढवायची सोय मराठी नावांवर लादलेली मला बघवत नाही, आणि हल्ली दुकानांच्या पाट्यांवरही तेच दिसतं! कर्निंग आणि ट्रॅकिंग, दोन्हींचे आकडे शून्यावर आणायला सांगा. भरघोसपणा हवा तर अक्षराचा आकार वाढवा, किंवा मुळातच रुंद वळणाचा टाइपफेस निवडा. दोन शब्दांमधली जागा खुशाल वाढवा, तिथे रेघ नसतेच.